लेखकाचा वाटा आधी मांडा, मग ई-वाचनालय उघडा

प्रति,
ठाणे व नवी मुंबईतील सार्वजनिक ग्रंथालयांचे पदाधिकारी, कार्यकारी मंडळांचे सदस्य आणि ग्रंथपाल

सप्रेम नमस्कार.

ई-वाचनालय सुरू करायचे, कपाटातली पुस्तके स्कॅन करून सभासदांना मोबाइलवर द्यायची, हा विषय आपल्या सभांपुढे येतो आहे किंवा लवकरच येईल. तो यावा अशीच आमची इच्छा आहे. मात्र स्कॅनर, सॉफ्टवेअर, ॲप आणि उद्घाटनाची तारीख यांच्या आधी विषयपत्रिकेवर एक ओळ हवी: दर देवघेवीमागे लेखकाला किती रुपये जाणार, आणि ते कोण, कधी, कोणत्या हिशोबाने पाठवणार. या एका ओळीसाठी हे पत्र आहे. पत्र लिहिणाऱ्यांमध्ये वाचक आहेत, मुद्रितशोधक आहेत, अक्षरजुळणी करणारे आहेत आणि देवघेवीच्या खिडकीमागे बसणारेही आहेत.

गरज खरी आहे, त्यावर वाद नाही. घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीच्या पुढे राहणारा माणूस कामावरून परत येतो तेव्हा नौपाड्यातली देवघेव बंद झालेली असते. घणसोली, कोपरखैरणे, उलवे इथे सेक्टर वाढले, ग्रंथालये त्या मानाने वाढली नाहीत. ठाणे-वाशी गाडीत बसायला जागा मिळाली तर अर्धा तास निवांत वाचन होते आणि त्या वेळी हातात मोबाइलच असतो. डोळे अधू झालेल्या वाचकाला छापील पुस्तकातला बारीक टाइप सोसत नाही; त्याला अक्षर दुप्पट मोठे करता आले तर सुटलेले वाचन पुन्हा सुरू होते.

आज ही गरज कशी भागते तेही आपण पाहता. गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर साठ-सत्तर एमबीच्या पीडीएफ फिरतात. पाने तिरकी, कडेला अंगठ्याची सावली, मधली चार पाने गायब. आणि ज्या पानावर प्रकाशक, आवृत्ती, मुखपृष्ठकार आणि ‘हक्क कुणाचे’ हे छापलेले असते, ते श्रेयपान बहुतेक वेळा गाळलेले. जाणूनबुजून केलेले असे वाटप हा स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ६३ खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. पण कायद्याची भीती घालून हे थांबणार नाही. पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना पुस्तक आवडलेले असते आणि ते बाजारात मिळत नसते. सरळ रस्ता नाही म्हणून लोक कुंपणावरून उड्या मारतात. तो रस्ता बांधणे ग्रंथालयालाच जमेल, कारण सभासदांची यादी, वर्गणीची वही आणि पुस्तकाची पारख या तिन्ही गोष्टी एकत्र फक्त आपल्याकडे आहेत.

आता पैशांचे बोलू. छापील पुस्तकाची किंमत ३०० रुपये धरा. करारात लेखकाचा वाटा छापील किमतीच्या १० टक्के असेल तर प्रतीमागे ३० रुपये. ग्रंथालयाने एक प्रत घेतली. ती पन्नास-साठ वेळा बाहेर जाते, मग पाठ सुटते, शिवलेल्या पानांचे गठ्ठे (फर्मे) निखळतात, प्रत बांधणीला जाते. साठ वाचकांमागे ३० रुपये, म्हणजे वाचकामागे पन्नास पैसे. हेही करार चांगला असेल तर. ‘छापील किमतीवर’ ऐवजी ‘निव्वळ विक्रीवर’ असे शब्द असतील आणि प्रत ४० टक्के सवलतीने गेली असेल, तर १८० रुपयांवर १८ रुपये मिळतात. वाचकामागे तीस पैसे.

ई-पुस्तकात हा दोन शब्दांचा फरक आणखी महागात पडतो. किंमत १५० रुपये, जीएसटी धरून. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर मात्र २०१८ पासून ५ टक्के आहे. तो वजा जाता उरतात १४२ रुपये ८६ पैसे. विक्री करणाऱ्या मंचाने त्यातले ४० टक्के घेतले की प्रकाशकाच्या हाती ८५ रुपये ७१ पैसे. यावर जुना १० टक्क्यांचा आकडा लावला तर लेखकाला ८ रुपये ५७ पैसे; २५ टक्के लावले तर २१ रुपये ४३ पैसे. इंग्रजी प्रकाशनव्यवसायात निव्वळ रकमेच्या २५ टक्के हा आकडा रूढ आहे. संपादन, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ यांचा खर्च प्रकाशकाला ई-पुस्तकातही येतो, हे आम्ही मान्य करतो. कागद, छपाई, गोदामभाडे आणि परत आलेल्या प्रती यांचा खर्च येत नाही. वाचलेल्या खर्चातला वाटा लेखकाकडे गेलाच पाहिजे.

ग्रंथालयाने ही ई-पुस्तके ‘एकदा विकत घेतली’ असे धरून कितीही सभासदांना कायम दिली, तर प्रकाशक ती देणारच नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही. फाइल झिजत नाही, तिची पाठ सुटत नाही. परदेशात या प्रश्नाची उत्तरे शोधली गेली, त्यातली काही कडू आहेत. हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये ग्रंथालयांना सांगितले की ई-पुस्तक २६ वेळा दिल्यावर पुन्हा विकत घ्यावे लागेल. दुसऱ्या टोकाला इंटरनेट अर्काइव्हने आपल्याकडच्या छापील प्रतीच्या बदल्यात स्कॅन केलेली प्रत उसनी देण्याची पद्धत चालवली. ती अमेरिकेतल्या न्यायालयाने २०२३ मध्ये अमान्य केली आणि २०२४ मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. ‘आमच्या कपाटात प्रत आहे, मग स्कॅन दिले तर काय बिघडले’ हा युक्तिवाद आपल्या सभेत कुणी मांडला, तर हा दाखला हाताशी ठेवा. तो खटला तिकडच्या कायद्याखालचा आहे, पण प्रश्न हाच होता.

आपल्या कायद्याने ग्रंथालयाला दिलेली सूट मर्यादित आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ५२ प्रमाणे, नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे पुस्तकाची छापील प्रत असेल तर जतन करण्यासाठी ती डिजिटल रूपात साठवता येते. पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नसेल तर ग्रंथालयाच्या वापरासाठी जास्तीत जास्त तीन प्रती करता येतात. साठवणे आणि सभासदाच्या मोबाइलवर धाडणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्यासाठी परवानगी लागते. अंध किंवा छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या वाचकासाठी वेगळे कलम आहे आणि तिथे सूट बरीच मोकळी आहे. तिचा उपयोग आपण फारच कमी करतो.

म्हणून सुरुवात दाखल नोंदवहीपासून करा. प्रत्येक पुस्तकासमोर तीनपैकी एक खूण करा: मुक्त (म्हणजे स्वामित्वहक्काची मुदत संपलेले), हक्काखाली पण बाजारात मिळणारे, हक्काखाली पण दुर्मीळ.

मुक्त कोणते? लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून साठ वर्षे मोजायची. ज्यांच्या नावाने ठाण्याचे रंगायतन उभे आहे ते राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले. त्यांचे लेखन केव्हाच मुक्त झाले. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांचे २०१७ पासून. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०२९ च्या अखेरपर्यंत त्यांच्या लेखनावर वारसांचा हक्क आहे. पु. ल. देशपांडे यांच्या बाबतीत ही मुदत २०६० च्या अखेरपर्यंत आहे.

इथे एक बारीक गाठ आहे आणि नेमकी तिथेच घाई होते. मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आली. त्यामुळे ती कविता २०१३ च्या आरंभापासून मुक्त आहे. पण त्या पुस्तकाला प्रस्तावना अत्र्यांची आहे. म्हणजे एकाच पुस्तकातली कविता मुक्त आणि प्रस्तावना आणखी काही वर्षे बंद. स्कॅनरवर अख्खे पुस्तक ठेवून बटण दाबले की ही चूक झालीच. हीच गोष्ट अनुवादांची, संपादकांच्या टिपांची, मुखपृष्ठाची आणि आतल्या चित्रांची. मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वीचा असला तरी अनुवादक काल-परवाचा असू शकतो. तेव्हा नोंदवहीत ‘लेखक’ या रकान्याशेजारी अनुवादक, प्रस्तावनाकार, चित्रकार असे आणखी रकाने पाडा आणि प्रत्येकाचे मृत्यूवर्ष लिहा. वर्ष सापडत नसेल तर ते पुस्तक हक्काखाली आहे असेच धरा.

जतनाच्या कामात ठाणे मागे नाही. मराठी ग्रंथ संग्रहालय विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये इथे उभे राहिले. त्या परंपरेतल्या शहराने मुक्त पुस्तकांची शुद्ध, नीट वाचता येणारी ई-प्रत कुणालाही विनामूल्य द्यावी, असे आम्हाला मनापासून वाटते. मुक्त पुस्तकांसाठी पैसे मागू नका आणि हक्काखालची फुकट देऊ नका.

हक्काखालच्या पुस्तकांसाठी परवानगी कुणाकडे मागायची हे पुस्तकाच्या श्रेयपानावरून सुरू होते, पण तिथे संपत नाही. ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ असे छापलेले असले तरी करार पाहायला मागा. कायद्याप्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा हवा. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदला हे त्यात हवे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. ही तरतूद १० मे १९९५ नंतरच्या करारांना लागते. त्याआधीचा करार असेल तर त्यातला शब्दन् शब्द वाचावा लागतो. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट सांगितली: करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, ते करारात नावानिशी लिहिलेले नसेल तर त्या माध्यमाचा हक्क प्रकाशकाकडे गेला असे धरता येत नाही. जुन्या मराठी करारांत ‘ई-पुस्तक’ हा शब्द असण्याचे कारणच नाही. म्हणून अशा पुस्तकांसाठी प्रकाशक आणि लेखक, किंवा लेखकाचे वारस, दोघांच्याही सह्या घ्या. वारस एकाहून अधिक असतील तर एकाला इतरांनी अधिकार दिल्याचे पत्र सोबत हवे. नाहीतर दोन वर्षांनी एखादा भाऊ उभा राहतो आणि पुस्तक काढून घ्यावे लागते.

लेखकाने स्वतःच ॲमेझॉनच्या किंडलवर पुस्तक ठेवले असेल तर आणखी एक प्रश्न विचारा. तिथे लेखकाचा वाटा ३५ किंवा ७० टक्के असतो, पण भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर ९०-९० दिवसांच्या एकाधिकाराची अट स्वीकारावी लागते. तुमच्याकडे ई-प्रत देऊन लेखकाने ती अट मोडली असे होऊ नये. सही करण्यापूर्वी त्यांनी आपल्या अटी ताज्या वाचून पाहाव्यात, असे पत्रातच लिहा.

परवानगीपत्र एका पानाचे पुरे, पण त्यात हे सगळे हवे: पुस्तकाचे नाव आणि आवृत्ती, परवानगी फक्त सभासदांना उसनी देण्यासाठी, विक्रीसाठी नव्हे, मुदत तीन वर्षे, एका वेळी जास्तीत जास्त तीन वाचक, एका वाचकाकडे चौदा दिवस, दर देवघेवीमागे रक्कम आणि तिची विभागणी, हिशोब ३१ मार्चपर्यंतचा, पैसे ३० जूनपर्यंत, लेखकाला पुस्तक मागे घ्यायचे असेल तर साठ दिवसांची सूचना. ‘सर्व डिजिटल हक्क ग्रंथालयास’ असे मोघम वाक्य कुणी सुचवले तर ते खोडा. लेखकाला सही करताना आपण काय देतो आहोत हे कळले पाहिजे.

रक्कम किती? आमचा प्रस्ताव दर देवघेवीमागे ६ रुपये असा आहे. त्यातले ३ लेखकाला, २ प्रकाशकाला, १ रुपया दुर्मीळ पुस्तकांच्या ई-प्रती करण्याच्या निधीला. पुस्तक लेखकानेच काढलेले असेल तर पाचही रुपये त्याचे. ई-विभागाचे ५०० सभासद, प्रत्येकी महिन्याला दोन पुस्तके, म्हणजे वर्षाला १२,००० देवघेवी आणि ७२,००० रुपये. सभासदावर हा बोजा महिना १२ रुपये पडतो, एका चहाइतका. लेखकाला वाचकामागे पन्नास पैशांऐवजी तीन रुपये मिळतात. वर्षात शंभर वेळा गेलेल्या पुस्तकाचे ३०० रुपये होतात, म्हणजे १० छापील प्रतींच्या विक्रीइतके. एवढ्यावर कुणाचे घर चालणार नाही, हे उघड आहे. पण अशी दहा-वीस ग्रंथालये एकत्र आली तर तो आकडा लिहिणाऱ्याला जाणवेल असा होतो. आणि वर्षातून एकदा आलेल्या त्या कागदावर ‘आपले पुस्तक १०४ जणांनी नेले’ असे लिहिलेले असते. वीस वर्षांपूर्वी पुस्तक लिहिलेल्या माणसाला हे आज कुणीही सांगत नाही.

सॉफ्टवेअरचा, सर्व्हरचा आणि माणसाचा खर्च या ६ रुपयांतून काढू नका. तो ग्रंथालयाचा खर्च आहे, जसा वीजबिलाचा आणि झाडलोटीचा. एकदा का ‘आधी खर्च भागू दे, उरले तर लेखकाला’ असे ठरले की उरत काहीच नाही. प्रकाशनव्यवसायातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ या ‘उरले तर’मध्ये आहे.

काही देशांत हा भार सरकार उचलते. डेन्मार्कने १९४६ पासून ग्रंथालयातल्या वापराबद्दल लेखकांना पैसे द्यायला सुरुवात केली. ब्रिटनने १९७९ मध्ये तसा कायदा केला आणि जुलै २०१८ पासून घरबसल्या नेलेली ई-पुस्तकेही त्यात घेतली. तिथे एका लेखकाला वर्षाला ६,६०० पौंडांची कमाल मर्यादा आहे, म्हणजे दोन-चार लोकप्रिय नावे सगळा निधी नेत नाहीत. आपल्याकडे असा कायदा नाही. कमाल मर्यादा आपणही घालावी का, यावर आमच्यात वाद झाला. आमचे मत असे झाले की इथे घालू नये. तिकडे पैसा करदात्याचा आहे. इथे सभासदाने त्या पुस्तकासाठी मोजलेला आहे, तो त्या लेखकाकडेच जावा. मात्र महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा आहे, ई-पुस्तक तेव्हा कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हते. लेखकांच्या या मोबदल्यासाठी अनुदानात वेगळा शीर्ष असावा, असा ठराव प्रत्येक ग्रंथालयाने आपल्या वार्षिक सभेत करून ग्रंथालय संचालनालयाकडे पाठवावा.

आता फाइलबद्दल, कारण इथे आमचा जीव सर्वांत जास्त अडकला आहे. पैसे देऊनही वाचकाच्या हाती गचाळ मजकूर पडला तर तो दुसऱ्यांदा येणार नाही.

प्रकाशकाकडे ‘पीडीएफ द्या’ असे मागू नका. पीडीएफचे पान मोबाइलवर वाचायचे तर बोटांनी मोठे करून डावीकडे-उजवीकडे सरकवत बसावे लागते. अक्षर वाढवले की ओळ पडद्याबाहेर जाते. ई-पब हा ई-पुस्तकाचा फाइलप्रकार घ्या. त्यात अक्षर वाढवले की ओळी नव्याने जुळतात. पण ई-पब करायचा तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर सारखाच वाचला जाईल अशा अक्षरसंकेतात, हवा आणि गेल्या तीसेक वर्षांतली मराठी पुस्तके मोठ्या प्रमाणावर पेजमेकरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेली आहेत. त्या फाँटमध्ये अक्षर नसते, अक्षराचे तुकडे असतात. काना, वेलांटी, रफार, अर्धे व्यंजन हे इंग्रजी कळांच्या जागी बसवलेले. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा परिवर्तक चालवला की बरेचसे बरोबर येते आणि उरलेले नजरेला चकवते. पहिली वेलांटी जोडाक्षराच्या पोटात शिरते. रफार एक अक्षर अलीकडे-पलीकडे जातो. सर्वांत फसवी चूक ‘ऱ्य’ची. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ असे लिहिलेले ‘सह्याद्रीच्या दर्या’ होते. डोंगराच्या जागी समुद्र येतो. ‘आचाऱ्यांना बोलावले’ याचे ‘आचार्यांना बोलावले’ होते आणि स्वयंपाकघरात विद्वान येऊन बसतात. शुद्धलेखन तपासणारे सॉफ्टवेअर यातले काहीच पकडत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. उपाय एकच: परिवर्तनानंतर ‘र्य’ आणि ‘र्ह’ असलेला प्रत्येक शब्द शोधून छापील प्रतीशी ताडून पाहणे.

छापील प्रतीशी म्हणजे छापील प्रतीशीच. मूळ फाइलवर विसंबू नका. ऑफसेटच्या काळात शेवटच्या प्रूफातल्या दुरुस्त्या पुष्कळदा संगणकावर न करता बटरवर, म्हणजे छपाईसाठी काढलेल्या पारदर्शक कागदावर, कापून चिकटवल्या जात. त्यामुळे प्रकाशकाच्या कपाटात सापडलेली फाइल ही छापलेल्या पुस्तकाच्या एक पायरी आधीची असू शकते. लेखकाने शेवटच्या क्षणी बदललेले वाक्य त्यात नसते.

फाइलच नसेल तर स्कॅन करून अक्षरओळख (ओसीआर), म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरे यंत्राने ओळखणे. स्कॅनची स्पष्टता निदान ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) ठेवा, दोन पानांचा एकत्र फोटो नको, पाठीजवळची ओळ वाकली तर ते पान पुन्हा घ्या. अक्षरओळखीला मराठी चालते, पण जुन्या खिळ्यांच्या छपाईत ‘ख’चे ‘रव’, ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’ आणि ‘ष’चा ‘प’ होतो. १९६२ पूर्वीच्या पुस्तकांत अनुच्चारित अनुस्वार असतात. यंत्र त्यातले निम्मे धूळ समजून गाळते आणि कागदावरच्या खऱ्या धुळीचे अनुस्वार करते. ते अनुस्वार ठेवायचे की आजच्या नियमांप्रमाणे काढायचे, हे काम सुरू करण्यापूर्वी ठरवून श्रेयपानावर लिहा. आमचा कौल ठेवण्याच्या बाजूने आहे. अशा एका पानाला मुद्रितशोधनात दहा-बारा मिनिटे लागतात. दोनशे पानांचे पुस्तक म्हणजे एका वाचनाचे तेहेतीस ते चाळीस तास, आणि वाचने दोन हवीत, दोन वेगळ्या माणसांची. मुद्रितशोधकाला याचे पैसे द्या. ‘सेवाभावी कार्यकर्ते करतील’ या भरवशावर वर्षाला दोनशे पुस्तकांची घोषणा करू नका. वीस करा.

कवितेची प्रत्येक ओळ वेगळी ठेवा, नाहीतर मोठ्या अक्षरात तिचे गद्य होते. फाइलमध्ये भाषा मराठी अशी नोंदवा आणि मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असलेला फाँट घ्या. ‘ॲ’ दोन प्रकारे टंकता येतो, दिसायला सारखाच. सूचीत दोन्ही मिसळले तर शोधात अर्धी पुस्तके सापडत नाहीत, म्हणून एकच पद्धत ठरवा. तयार झालेला ई-पब साध्या अँड्रॉइड फोनवर, ई-इंक वाचकयंत्रावर आणि संगणकावर उघडून पाहा. आणि अंध वाचकाकडून एकदा ऐकवून घ्या. वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर जिथे अडखळते तिथे बहुधा मजकुरातच चूक असते.

देवघेवीसाठी महागडे ॲप बनवून घेण्याची गरज नाही. सूचीसाठी कोहा किंवा ई-ग्रंथालय हे ग्रंथालयांचे सॉफ्टवेअर अनेक ठिकाणी चालू आहेच. मुदत संपली की आपोआप बंद होणाऱ्या ई-पबसाठी रीडियम एलसीपी हे कुलूप परदेशातली ग्रंथालये वापरतात. सभासदाला एक परवलीचा शब्द लागतो आणि संगणकावर थोरियम हे विनामूल्य वाचक-सॉफ्टवेअर ती फाइल उघडते. बसवायला जाणकार माणूस लागेल, पण तीन-चार ग्रंथालयांनी मिळून एक नेमला तरी भागेल.

मोजणी पुस्तकाची करा, वाचकाची नको. पुस्तक परत आले की ‘हे पुस्तक आणखी एकदा गेले’ एवढीच नोंद उरावी. कुणी नेले हे पुसून टाकावे. कोण काय वाचतो हे ग्रंथालयाने साठवून ठेवू नये.

हिशोबाच्या कागदावर देवघेवींची संख्या, दर, लेखकाचा वाटा, मागील शिल्लक आणि पाठवलेली रक्कम इतकेच हवे. रक्कम शंभर रुपयांपेक्षा कमी असेल तर पुढच्या वर्षात ओढा, बुडवू नका. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यांच्या नावांची यादी सूचनाफलकावर लावा; गावात कुणी ना कुणी त्या घरचे ओळखीचे निघते.

छापील पुस्तकांची खरेदी मात्र यासाठी कमी करू नका. उलट तिथेही लेखकाकडे पाहा. किंमत फुगवून निम्म्याहून अधिक सवलत देणारे पुस्तकसंच कसे गळ्यात मारले जातात, हे आपल्याला सांगायला नको. आकडा मोठा दिसतो, कपाट भरते, देवघेव होत नाही आणि लेखकाच्या हाती फारसे काही पडत नाही. चाळीस टक्क्यांच्या सवलतीत नको असलेली शंभर घेण्यापेक्षा वीस टक्क्यांत हवी असलेली सत्तर-पंचाहत्तर घ्या. पैसे तेवढेच लागतात.

सुरुवात पन्नास पुस्तकांनी करा: तीस मुक्त, दहा बाजारात मिळणारी, दहा दुर्मीळ पण ज्यांचे लेखक किंवा वारस ठाणे, कळवा, डोंबिवली, वाशी, नेरुळ परिसरात राहतात, म्हणजे सही घ्यायला घरी जाता येईल. परवानगीपत्राचा मराठी मसुदा आणि ‘र्य’-‘ऱ्य’ शब्दांची यादी आमच्याकडे तयार आहे, मागणाऱ्या कुठल्याही ग्रंथालयाला देऊ. दहा दुर्मीळ पुस्तकांचे पहिले वाचन आम्ही करू. दुसऱ्या वाचनासाठी आपल्या सभासदांतून माणूस निवडा, आणि त्याचे मानधन अंदाजपत्रकात आत्ताच लिहा.

आपले,
ठाणे आणि नवी मुंबईतील काही वाचक